माहितीचा उतारा कसा बांधलाय? मुलांना ते ओळखायला शिकवताना

नऊ वर्षांच्या एका मुलीनं माझ्यासमोर मधमाश्यांवरचा पानभर उतारा न अडखळता वाचला. मी विचारलं, "काय सांगितलंय यात?" ती म्हणाली, "मधमाशीबद्दल सांगितलंय." "मधमाशीबद्दल काय?" ती थांबली, पुन्हा पानाकडे बघितलं आणि म्हणाली, "तिला पाच डोळे असतात."

उतारा होता पोळं तापलं की माश्या ते थंड कसं ठेवतात यावर. डोळ्यांचा उल्लेख जाता जाता एका वाक्यात आला होता. तिला अक्षरं येत होती, शब्द कळत होते. कुठल्या वाक्यावर सगळा उतारा उभा आहे आणि कुठलं वाक्य नुसतं सोबतीला आलंय, एवढंच तिला दिसत नव्हतं. ही नजर शिकवता येते. त्यासाठी मी काय करते, ते इथे क्रमानं लिहिते आहे. आठ ते अकरा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर आहेत. शिक्षक आणि पालक दोघांनाही हे करता येईल.

सुरू करण्याआधी: गोष्ट आणि माहिती

गोष्ट कशी चालते हे मुलांना शाळेत यायच्या आधीपासून ठाऊक असतं. कुणीतरी असतं, त्याला काहीतरी हवं असतं, मध्ये काहीतरी अडतं, शेवटी सुटतं. हा सांगाडा शेकडो गोष्टी ऐकून अंगात मुरलेला असतो, म्हणून गोष्ट लक्षात राहते. माहितीच्या मजकुरात असा ओळखीचा नायक नसतो, आणि मुलांच्या कानावर असा मजकूर पडतोही कमी. नेल ड्यूक या संशोधिकेनं अमेरिकेतल्या पहिलीच्या २० वर्गांत बसून मोजलं, तेव्हा माहितीपर मजकुरासाठी दिवसाला सरासरी ३.६ मिनिटं मिळत असल्याचं दिसलं. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. जे ऐकलंच नाही त्याचा सांगाडा मुलाच्या मनात कुठून येणार? म्हणून आधी रोज थोडा वेळ माहितीचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवा. बाकीचं सगळं त्यावर उभं राहील.

बांधणीचे पाच प्रकार पुरेसे आहेत: वर्णन, क्रम, तुलना, कार्यकारण आणि समस्या-उपाय. या प्रकारांमागे वाचनाच्या संशोधिका बॉनी मायर यांचं १९७० च्या दशकापासूनचं काम आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली नववीच्या मुलांवरचा अभ्यास मांडला. लेखकानं वापरलेली बांधणी पकडून जी मुलं आठवून लिहीत होती, त्यांना मजकूर खूप जास्त आठवत होता. पुढे जोआना विल्यम्स या संशोधिकेनं दुसरीतल्या मुलांनाही प्राण्यांच्या तुलनेतून हे शिकवून दाखवलं. म्हणजे "अजून लहान आहेत" ही सबब चालत नाही.

शीर्षक, उपशीर्षक, चित्राखालची ओळ, शेवटची सूची या गोष्टी दाखवायला हव्यातच, पण ती पानाची मांडणी झाली. विचाराची बांधणी वेगळी. दोन्ही एकाच तासाला शिकवू नका, मुलं गोंधळतात.

पायरी १: आधी तोंडी

पहिले दोन-तीन दिवस पुस्तक उघडूच नका. मुलांना बोलतं करा. "सकाळी उठल्यापासून दारातून बाहेर पडेपर्यंत काय काय केलंस?" मूल आपसूक "आधी, मग, त्यानंतर" म्हणतं. दोन पेन्सिली पुढे ठेवा: "यांच्यात सारखं काय, वेगळं काय?" आता "दोन्ही, पण, हिच्यापेक्षा" येतं. "काल खेळ मध्येच का थांबला?" आता "कारण" आणि "म्हणून" येतं. "चप्पल तुटली तर काय केलंस?" इथे अडचण आणि तोड दोन्ही येतात.

हे सगळं फळ्यावर मुलांच्याच शब्दांत लिहून घ्या. बांधणी ही पुस्तकातली कुठली अवघड भानगड नाही, ती त्यांच्या तोंडात आधीपासून आहे, हे त्यांना दिसायला हवं. वर्गात ही पायरी मी कधीच गाळत नाही.

पायरी २: एकच विषय, पाच घाट

इथे थोडी मेहनत घ्या. पाठ्यपुस्तकातले उतारे बहुतेक वेळा मिसळीचे असतात, त्यामुळे सुरुवातीला ते उपयोगी पडत नाहीत. तीन ते सहा वाक्यांचे छोटे उतारे स्वतः लिहा, आणि पाचही एकाच विषयावर लिहा. विषय बदलत राहिला तर मूल विषयाकडे बघतं. विषय तोच राहिला की फरक बांधणीतच शोधावा लागतो. माझे उतारे मधमाशीवरचे आहेत, हवे तर घ्या.

क्रम: "राणीमाशी मेणाच्या कोठडीत एक अंडं घालते. तीन दिवसांनी त्यातून अळी बाहेर येते. पुढचे सुमारे सहा दिवस कामकरी माश्या तिला भरवतात. मग त्या कोठडीचं तोंड मेणानं बंद करतात. आत अळीचा कोष होतो. अंडं घातल्यापासून साधारण २१ दिवसांनी नवी कामकरी माशी झाकण कुरतडून बाहेर येते."

तुलना: "मधमाशी आणि गांधीलमाशी दोघीही डंख मारतात. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, त्यामुळे ती माणसाच्या कातडीत अडकून राहते आणि माशी मरते. गांधीलमाशीची नांगी मात्र सहज बाहेर निघते, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते."

कार्यकारण: "मधमाशी रस प्यायला फुलावर बसते तेव्हा परागकण तिच्या अंगावरच्या लवेला चिकटतात. ती दुसऱ्या फुलावर गेली की त्यातले काही तिथे पडतात. त्यामुळे त्या फुलाचं परागण होतं आणि फळ धरतं."

समस्या-उपाय: "पोळ्यात वाढणाऱ्या पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. उन्हाच्या दिवसांत पोळं त्याहून जास्त तापू लागतं. तेव्हा काही माश्या पाणी आणून कोठड्यांवर थेंब पसरतात आणि काही माश्या पंखांनी वारा घालतात. पाण्याची वाफ होते आणि पोळं निवतं."

वर्णन: "मधमाशीला सहा पाय आणि पंखांच्या दोन जोड्या असतात. तिला पाच डोळे असतात, दोन मोठे आणि तीन छोटे. अंगभर बारीक लव असते. कामकरी माशीच्या मागच्या पायांवर परागकण साठवायची जागा असते."

शिकवताना हाच क्रम ठेवा. वर्णन सगळ्यांत सोपं वाटतं, म्हणून पुष्कळजण तिथून सुरू करतात. मी ते शेवटी घेते. वर्णनाला कणा नसतो; वाक्यं शेजारी शेजारी उभी असतात, एकमेकांचा हात धरून नाही. ज्या मुलानं आधी कणा असलेले चार प्रकार हाताळलेत, त्यालाच इथे तो नाही हे जाणवतं. एकेका प्रकाराला आठवडा-दीड आठवडा द्या. घाई करून पाचही प्रकारांचा तक्ता पहिल्याच दिवशी भिंतीवर लावला, तर मुलं नावं पाठ करतात आणि पुढे अंदाजपंचे ठोकतात.

पायरी ३: कापा आणि हलवा

उताऱ्यातली वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहा, पिसा, आणि दोघा-दोघांना लावायला द्या. क्रमाच्या पट्ट्या एकाच प्रकारे लागतात. झाकण कुरतडून बाहेर आलेली माशी अंड्याच्या आधी ठेवली की मुलं स्वतःच हसतात आणि उचलून खाली नेतात. वर्णनाच्या पट्ट्या कशाही लावल्या तरी चालतात. पाय आधी की डोळे आधी, काहीच बिघडत नाही. तुलनेच्या पट्ट्यांत जोड्या जमतात. समस्या-उपायात उपाय वर गेला की वाचणारं मूल विचारतं, "पण पाणी कशाला आणलं?"

हा "पण कशाला?" ऐकू आला की समजा, गाडी रुळावर आली. "हलवून बघ, काय बिघडतं?" ही कसोटी व्याख्या सांगण्यापेक्षा कितीतरी पटीनं कामाची आहे.

पायरी ४: खुणेचे शब्द, आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा

"कारण, म्हणून, त्यामुळे", "आधी, नंतर, शेवटी", "याउलट, मात्र, दोन्ही" हे शब्द पाट्यांसारखे असतात. ते शिकवा. पण मराठीत शिकवणाऱ्यानं दोन-तीन गोष्टी जास्तीच्या सांगायला हव्यात, कारण आपल्या भाषेतल्या निम्म्या खुणा सुटा शब्द म्हणून येतच नाहीत. त्या शब्दाच्या शेपटीला चिकटून येतात.

"उष्णतेमुळे", "पाणी आटल्याने", "हत्तीपेक्षा", "त्याहून". मूल "मुळे" हा शब्द शोधत राहतं आणि "उष्णतेमुळे" त्याच्या नजरेतून निसटतं. "गरम झाल्यावर" मधला "ल्यावर" क्रम सांगतो, "ऊन लागून" मधल्या "लागून"ची "-ऊन" ही शेपटी कधी कधी कारण सांगते. म्हणून मी रंगीत पेन्सिलीनं शेपटी तेवढी अधोरेखित करायला सांगते, अख्खा शब्द नाही. दोन-चार दिवसांत मुलं वर्तमानपत्रातही शेपट्या शोधू लागतात.

दुसरं, एकच शब्द अनेक कामं करतो. "जर पाणी तापलं तर वाफ होते" यातला "तर" अट सांगतो. "वटवाघूळ रात्री उडतं, तर खार दिवसा फिरते" यातला "तर" तुलना करतो. "तो तर अजून लहान आहे" यातला "तर" नुसता जोर देतो. "म्हणून"चंही तसंच. "पाणी मिळालं नाही म्हणून रोप वाळलं" इथे कारण आहे, पण "हिला राणीमाशी म्हणून ओळखतात" इथे कारण कुठे आहे? आणि "मग" कधी नुसता पुढचा टप्पा असतो, कधी परिणाम.

तिसरं, कारणाकडून परिणामाकडे बाण काढायचा तर तो कुठून कुठे. "रोप वाळलं, कारण पाणी मिळालं नाही" या वाक्यात परिणाम आधी आलाय. मुलं सवयीनं पहिल्या अर्ध्याकडून दुसऱ्याकडे बाण काढतात. त्यांना एवढंच विचारा: "खरं आधी काय घडलं?" वाळणं आधी की पाणी न मिळणं? उत्तर तोंडात आलं की बाण आपोआप सरळ होतो.

आता वरचा गांधीलमाशीचा उतारा पुन्हा वाचा. त्यात "त्यामुळे" आहे आणि "म्हणून"ही आहे. एका वर्गात हा उतारा दिला तेव्हा मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "कार्यकारण!" मी चूक म्हटलं नाही. सगळ्यांना विचारलं, "हा उतारा कुणाबद्दल आहे?" "मधमाशी आणि गांधीलमाशी." "लेखक त्या दोघींचं काय करतोय?" थोडा वेळ शांतता. मग ज्यानं आवाज दिला होता तोच म्हणाला, "शेजारी शेजारी ठेवतोय." यापेक्षा चांगली व्याख्या मला सुचली नसती. "त्यामुळे" एका वाक्याचं काम करत होता, आख्ख्या उताऱ्याचं नाही.

उलट, पोळं तापल्याचा उतारा बघा. त्यात "समस्या" नाही, "अडचण" नाही, "उपाय"ही नाही. खुणेच्या शब्दांवरच मदार ठेवलेलं मूल इथे रिकाम्या हातानं परततं. म्हणून खुणेचा शब्द हा संशय घ्यायला पुरेसा आणि निकाल द्यायला अपुरा, असं मी मुलांना सांगते. निकाल एकाच प्रश्नानं लागतो: लेखक इथे काय करतोय? सांगतोय कसं दिसतं, कसं घडत गेलं, दोघांना शेजारी ठेवतोय, का झालं ते उलगडतोय, की अडलेलं कसं सुटलं ते दाखवतोय? हे पाच पर्याय मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

पायरी ५: चित्र काढा

क्रमासाठी एकापुढे एक चौकोन, तुलनेसाठी एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं किंवा दोन रकान्यांचा तक्ता, कार्यकारणासाठी बाण, समस्या-उपायासाठी वर-खाली दोन चौकटी, वर्णनासाठी मध्ये विषय आणि भोवती फांद्या. यात नवं काही नाही. एकच सांगते: छापील आराखडा देऊ नका. कुठलं चित्र लागेल हे मुलानं ठरवावं, कारण ते ठरवणं म्हणजेच बांधणी ओळखणं. कोरी पाटी द्या.

पायरी ६: एका वाक्यात सांगा

चित्र झालं की ते झाकून एक वाक्य बोलायचं. लहान मुलांना साचा द्या: "अडचण अशी की ___, म्हणून ते ___ करतात." "दोघांमध्ये ___ सारखं आहे, पण ___ वेगळं आहे." "___ झालं, कारण ___." पोळ्याच्या उताऱ्यावर मूल म्हणतं, "अडचण अशी की पोळं फार तापतं, म्हणून माश्या पाणी शिंपडून वारा घालतात." उताऱ्याचा सारांश यापेक्षा वेगळा काय असतो? आणि पाच डोळ्यांना या साच्यात जागाच सापडत नाही. कुठली माहिती गाळायची हे मुलाला निराळं शिकवावं लागत नाही.

नेहमीचे दोन घोळ

कार्यकारण आणि समस्या-उपाय यांत मुलं हमखास गडबडतात, आणि मोठेही. समस्येला कारण असतंच, उपायाचा परिणाम होतोच, म्हणून दोन्ही सारखे वाटतात. इथे विचारा: "कुणी काही मुद्दाम केलं का?" माशी परागकण मुद्दाम पोहोचवत नाही, ती रस प्यायला जाते, ते कार्यकारण. पोळं तापल्यावर माश्या पाणी आणायला निघतात, ते निववण्यासाठी, हा उपाय.

दुसरा घोळ क्रम आणि कार्यकारण यांचा. एकानंतर दुसरं घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नाही. दोन वाक्यांच्या मध्ये "नंतर" घालून वाचा, मग "त्यामुळे" घालून वाचा. "तीन दिवस झाले, त्यामुळे अळी बाहेर आली" हे कानाला खटकतं. कान शाबूत असलेल्या मुलाला एवढी कसोटी पुरते.

पायरी ७: खरे उतारे

महिना-दोन महिन्यांनी पाठ्यपुस्तकाकडे वळा, आणि मुलांना आधीच सांगा की इथे घाट मिसळलेले असतील. भूकंपावरच्या पाठात पहिला परिच्छेद वर्णनाचा, दुसरा कारणांचा, तिसरा घरं कशी बांधावीत याचा असू शकतो. परिच्छेदापुढे समासात एक शब्द लिहायचा: "का", "कसं दिसतं", "काय करायचं". सगळे शब्द वरपासून खाली वाचले की पाठाचा नकाशा तयार होतो.

इथे दोन मुलांची दोन उत्तरं येतील. येऊ द्या. मी गुण उत्तराला देत नाही, "कशावरून?" याच्या उत्तराला देते. काही परिच्छेद खरोखर दोन प्रकारे वाचता येतात, आणि तसं म्हणणारं मूल चुकलेलं नसतं.

पायरी ८: लिहायला लावा

मुलाच्या आवडीचा एक विषय घ्या. त्यावर चार वाक्यं क्रमानं आणि चार वाक्यं तुलनेनं लिहायला सांगा. ज्याला सायकल आवडते तो पंक्चर कसं काढतात हे एकदा लिहील आणि दोन चाकी व तीन चाकी सायकल शेजारी ठेवून पुन्हा लिहील. मग मित्रानं वाचून घाट ओळखायचा. ओळखता आला नाही तर दुरुस्ती लिहिणाऱ्यानं करायची. मला तरी वाचनात सगळ्यांत मोठी उडी याच पायरीवर दिसली आहे.

शिकलंय का, हे कसं बघायचं

"हा कुठला प्रकार?" असा प्रश्न परीक्षेला घालू नका, नाव सांगता येणं ही फार छोटी गोष्ट आहे. नवा उतारा घ्या, पहिली दोन-तीन वाक्यं वाचू द्या, खालचा भाग कागदानं झाका आणि विचारा, "आता पुढे काय येईल?"

सुरुवातीला सांगितलेल्या मुलीला मी काही महिन्यांनी अंतराळवीरांवरचा उतारा दिला. अवकाशात अनेक महिने राहिलं की हाडं विरळ होऊ लागतात, इथपर्यंत तिनं वाचलं आणि मी कागद ठेवला. ती म्हणाली, "आता ते काय करतात ते येईल, हाडं वाचवायला." मी विचारलं, "आणि ते नाही आलं तर?" तिनं थोडा विचार केला. "तर का होतं ते आधी सांगतील. मग काय करतात ते."

कागद तिनंच खाली सरकवला. आधी होतं की तिथे शरीराचा भार हाडांवर पडत नाही. त्याच्या खाली, रोज सुमारे दोन तासांचा व्यायाम.